डोव्हरचा धक्का आणि खलाशांची कबर

फ्रान्समधील कॅले बंदरातून सुटलेली फेरीबोट सुमारे दीड तासात इंग्लंडच्या डोव्हर बंदराला लागते. समुद्र येथे इतका अरुंद आहे की निरभ्र दिवशी एका किनाऱ्यावरून दुसरा किनारा दिसतो. दोहोंतील अंतर उणेपुरे तेहेतीस किलोमीटर. बोट जवळ येऊ लागली की खडूच्या दगडाचे पांढरेशुभ्र कडे समोर उभे राहतात आणि इंग्लंडच्या भूमीचे पहिले दर्शन घेण्यासाठी उतारू कठड्याशी गर्दी करतात. ज्या बोटीच्या कठड्याला रेलून हे दृश्य पाहिले जाते ती बोट चालवतो कोण, त्याच्या हाती महिन्याकाठी काय पडते आणि कोणत्या देशाच्या कायद्याखाली तो राबतो, हा प्रश्न त्या गर्दीत क्वचितच कोणाला सुचतो. डोव्हरला जाऊन आलेल्यांच्या प्रवासवर्णनांतही त्याला सहसा स्थान नसते. वस्तुतः या बंदराचा सारा इतिहास त्याच एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट मुंबई व कोकणच्या किनाऱ्याशी येऊन पोहोचतो.

डोव्हरमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य केले पाहिजे. टेकडीवरच्या किल्ल्याच्या आवारात रोमनांनी बांधलेले दीपगृह आजही उभे आहे. किल्ल्याखालच्या कड्यात खोदलेल्या भुयारांत बसून ॲडमिरल रॅम्से यांनी १९४० च्या मे-जूनमध्ये डंकर्कच्या माघारीची सूत्रे हलवली आणि ३,३८,२२६ सैनिक समुद्रापार आणले गेले. बंदराचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला पहिल्या जेम्स राजाने १६०६ साली सनद दिली. ते मंडळ अद्याप अस्तित्वात आहे. १९२८ साली टाउनसेंड नावाच्या उद्योजकाने मोटारगाड्या क्रेनने उचलून बोटीवर चढवण्याचा धंदा सुरू केला. पुढे १९५३ मध्ये पूर्वेकडील गोदीत गाड्या स्वतःच्या चाकांवर थेट बोटीच्या पोटात शिरतील अशी सोय झाली आणि डोव्हरची गणना जगातील गजबजलेल्या फेरीबंदरांत होऊ लागली. १९९४ साली समुद्राखालचा रेल्वे बोगदा सुरू झाल्यानंतरही येथील मालमोटारींची रीघ थांबलेली नाही.

परंतु या सर्वांहून विलक्षण अशी एक वस्तू गावातील संग्रहालयात ठेवलेली आहे. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये रस्त्याच्या कामासाठी खोदाई चालू असता जमिनीखाली एक लाकडी नाव सापडली. ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची असल्याचे निष्पन्न झाले. ओकच्या फळ्या कांस्याच्या हत्यारांनी घडवून त्या यू वृक्षाच्या पिळलेल्या फांद्यांनी एकमेकींना शिवलेल्या आहेत. लोखंडी खिळा त्यात नाही. कोकण, गोवा आणि मलबारच्या किनाऱ्यावर काथ्याने शिवलेल्या होड्या शतकानुशतके चालत आल्या, त्यांची माहिती असलेल्या कोणालाही या नावेत ओळखीची खूण पटेल. पृथ्वीच्या दोन टोकांना, परस्परांचे नावही न ऐकलेल्या कारागिरांनी समुद्राला दिलेले हे जवळजवळ एकच उत्तर आहे. नावेवर कोणा राजाचे नाव नाही की कोणा सरदाराची मुद्रा नाही. आहेत त्या केवळ हत्याराच्या खुणा, म्हणजे काम करणाऱ्या हाताच्या खुणा. संपूर्ण नाव मात्र बाहेर काढता आली नाही. तिचा काही भाग अद्याप जमिनीखालीच आहे.

डोव्हरच्या सागरी वारशाचेही नेमके असेच झाले आहे. किल्ला, राजे, सेनापती, युद्धे आणि बोट-कंपन्यांची रंगीत बोधचिन्हे हा वारशाचा वर काढलेला भाग. ज्यांच्या श्रमावर हे बंदर चालले त्या खलाशांचा, आगवाल्यांचा, गोदी कामगारांचा आणि बोटीवरील आचाऱ्या-वाढप्यांचा इतिहास बव्हंशी मातीखाली राहिला आहे. हे केवळ विस्मरणाने घडलेले नाही. त्या इतिहासात कोणाला किती पगार दिला आणि का दिला, हे सांगावे लागते, आणि ते सांगणे मालकवर्गाला आजही अडचणीचे आहे.

याचा पुरावा डोव्हरच्या सेंट मेरी दफनभूमीत मिळतो. २६ फेब्रुवारी १९१६ रोजी पी. अँड ओ. कंपनीची १२,४३१ टनांची ‘मलोजा’ ही आगबोट लंडनजवळच्या टिलबरी गोदीतून मुंबईस येण्यासाठी निघाली. पहिले महायुद्ध चालू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डोव्हरपासून दोन मैलांच्या अंतरावर, किनाऱ्यावरून दिसेल अशा जागी, ती जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर आदळली आणि अर्ध्या तासाच्या आत बुडाली. मदतीस धावलेली दुसरी बोटही तशाच सुरुंगाला बळी पडली. ‘मलोजा’वरील १५५ माणसे मृत्युमुखी पडली. फेब्रुवारीतल्या त्या गोठवणाऱ्या पाण्यात प्राण गमावलेल्यांत हिंदुस्थानी खलाशांची संख्या मोठी होती. त्यांपैकी अनेकांना डोव्हरमध्येच एका सामुदायिक कबरीत मूठमाती देण्यात आली. मुंबईच्या वाटेवर निघालेली ही माणसे परक्या गावाच्या टेकडीवर कायमची राहिली. किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवाशांचे पाय तिकडे अभावानेच वळतात.

इंग्रज या खलाशांना ‘लास्कर’ म्हणत. आपल्या परिचयाच्या ‘लष्कर’ या शब्दाचेच ते बिघडलेले रूप. हे लोक कोठून येत? कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील खाडीकाठचे कोकणी मुसलमान, गुजरात-काठियावाडचे खारवे, इंजिनखोलीत भट्टीसमोर कोळसा लोटणारे पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले, आणि जेवणखोलीत व भटारखान्यात काम करणारे गोव्याचे ख्रिस्ती. धोबीतलावच्या गल्ल्यांत गावोगावच्या गोवेकरांनी चालवलेल्या ‘कुडां’त हे तारवटी बोट मिळेपर्यंत पथारी टाकून राहत. सारंग, तांडेल आणि त्यांच्या वरचे भरतीचे दलाल यांना चिरीमिरी दिल्याखेरीज बोट मिळत नसे. एका सफरीच्या पगारातला मोठा हिस्सा ती सफर मिळवण्यासाठी काढलेल्या कर्जातच जाई.

आणि पगार तरी किती? त्याच बोटीवर तेच काम करणाऱ्या युरोपीय खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका, पुष्कळदा त्याहूनही कमी. त्यासाठी ‘लास्कर करार’ नावाचा स्वतंत्र कायदेशीर साचा होता. झोपण्याच्या जागेतही भेद होता: १९०६ च्या कायद्याने इंग्रज खलाशाला बोटीवर १२० घनफूट जागा मिळू लागली, लास्कराला तिचा लाभ मिळाला नाही. त्याला थंडी अधिक वाजते, भूक कमी लागते, दाटीवाटीची त्याला सवयच असते, असली ‘शास्त्रीय’ कारणे त्यासाठी पुढे केली जात. ज्या कंपनीचा पाया १८३७ साली सरकारी टपालाच्या कंत्राटावर, म्हणजे जनतेच्या पैशावर, घातला गेला, तिच्या भरभराटीचा दुसरा आधारस्तंभ हा स्वस्त श्रम होता. साम्राज्याच्या सागरी वैभवाचा ताळेबंद मांडताना हा आकडा वगळला जातो.

येथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. इंग्रज खलाशांच्या संघटनेने या अन्यायाचे मूळ ओळखले नाही. मालक स्वस्त मजूर आणून पगार पाडतो, हे तिला दिसत होते. पण तिने बोट रोखले ते मालकाऐवजी त्या मजुराकडे. काळ्या-पिवळ्या कातडीच्या खलाशांना इंग्लंडच्या बंदरांतून हटवावे, ही मागणी तिने लावून धरली. १९२५ साली ब्रिटिश सरकारने ‘वर्णीय परदेशी नाविकां’वर निर्बंध घालणारा हुकूम काढला, त्यामागे हे दडपण होते. परिणाम काय झाला? काळा खलाशी अधिक असहाय झाला, असहाय झाल्यामुळे अधिक स्वस्त झाला आणि स्वस्त झाल्यामुळे मालकाला अधिकच हवासा वाटू लागला. गोऱ्या खलाशाचा पगार त्याने वाचला नाही. कामगारांनी कामगारांविरुद्ध मागितलेला कायदा अखेर मालकाच्याच पदरात पडतो, हा धडा फार महाग पडला.

हिंदुस्थानी खलाशी मात्र मुकाट राहिले नव्हते. १९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटताच इंग्लंडच्या व इतर अनेक बंदरांत त्यांनी पगारवाढीशिवाय बोटीवर पाऊल ठेवण्यास नकार दिला. शेकडो जणांना तुरुंगात डांबण्यात आले; पण युद्धाला बोटी हव्या होत्या आणि बोटींना हे खलाशी हवे होते, म्हणून अखेर पगारवाढ द्यावी लागली. मुंबईत त्यांची संघटना बांधण्यात भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई अग्रभागी होते. १९४० साली भारतीय नाविक-कामगारांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ या विषयाचा आद्य आधार आहे. उत्तर कानडा जिल्ह्यातून आलेल्या या कार्यकर्त्याचे नाव आजच्या किती कामगार-कार्यकर्त्यांना ठाऊक असेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा. त्या महायुद्धात प्राण गेलेल्या भारतीय नौदलातील व व्यापारी बोटींवरील सुमारे साडेसहा हजार खलाशांची नोंद मुंबई व चितगाव येथील स्मारकांच्या नामपुस्तिकेत आहे. पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक खलाशांचे, ज्यांना समुद्राखेरीज अन्य कबर लाभली नाही त्यांचे, स्मारक मुंबईत मस्जिद बंदर भागातील नाविकगृहात आहे.

साम्राज्य मावळले, आगबोटींची जागा डिझेलवर चालणाऱ्या मोठाल्या फेरीबोटींनी घेतली आणि डोव्हरच्या घराघरांतील स्त्री-पुरुषांना या बोटींवर रोजगार मिळाला. पण नफ्याचे गणित बदलले नाही. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून डोव्हरकडे निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचा प्रचंड दरवाजा उघडा ठेवूनच समुद्रात शिरली आणि काही मिनिटांत कलंडली. १९३ माणसे मेली. दरवाजा बंद करण्याचे काम ज्याच्याकडे होते तो खलाशी थकून झोपी गेला होता, म्हणून प्रथम सारा दोष त्याच्या माथी मारण्याचा प्रयत्न झाला. चौकशीत निराळेच बाहेर आले. दरवाजा बंद आहे की उघडा हे कप्तानाला कळावे यासाठी एक साधा दिवा बसवावा, अशी मागणी बोटीवरील अधिकाऱ्यांनी पूर्वीच केली होती आणि कार्यालयातील वरिष्ठांनी तिची टिंगल केली होती. कंपनीला वरपासून खालपर्यंत बेफिकिरीची लागण झाली आहे, असा चौकशी अहवालाचा निष्कर्ष होता. तथापि १९९० साली कंपनीवरील मनुष्यवधाचा खटला न्यायालयात टिकला नाही.

कोकणच्या माणसाला हे वाचताना ‘रामदास’ आठवल्याखेरीज राहणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. देश, काळ, बोटीची बांधणी सारे भिन्न. पण दोन्हीकडे समुद्राला दोष देऊन मोकळे होण्याची प्रवृत्ती एकच. समुद्र बेभरवशाचा असतो हे खलाशाला कोणी शिकवावे लागत नाही. बोटीत किती माणसे कोंबायची, किती खलाशी कमी करायचे, फेरी किती मिनिटांत उरकायची, हे ठरवणारा समुद्र नसतो.

‘हेरल्ड’च्या दुर्घटनेला वर्ष व्हायच्या आतच, १९८८ च्या प्रारंभी, पी. अँड ओ. ने डोव्हरच्या बोटींवरील खलाशांची संख्या घटवणारे व कामाचे तास वाढवणारे नवे करार पुढे केले. तयार होत असलेल्या बोगद्याशी स्पर्धा करायची हे कारण. खलाशांनी संप केला. थकलेल्या माणसांच्या हाती बोट देणे म्हणजे काय, हे त्यांनी नुकतेच आपल्या सहकाऱ्यांच्या शवपेट्या वाहून अनुभवले होते. न्यायालयाने त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची मालमत्ता जप्त केली आणि सुमारे दोन हजार खलाशांना कामावरून काढण्यात आले. संप हरला. त्या पराभवाची सावली पुढील तीस वर्षे त्या गावावर राहिली.

या पार्श्वभूमीवर १७ मार्च २०२२ या दिवसाकडे पाहिले पाहिजे. त्या दिवशी सकाळी बोटी बंदरात थांबवून ठेवण्यात आल्या, आणि आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या काही मिनिटांच्या निवेदनाद्वारे पी. अँड ओ. फेरीजच्या ७८६ खलाशांना कळवण्यात आले की त्यांची नोकरी त्याच क्षणी संपली आहे. धक्क्यावर खाजगी सुरक्षारक्षक आणि बदली खलाशांच्या बसगाड्या सज्ज होत्या. संघटनांशी आगाऊ विचारविनिमय करणे कायद्याने बंधनकारक होते. आठवड्याभरातच कंपनीचा मुख्य अधिकारी पीटर हेबलथ्वेट याने संसदीय समितीसमोर कबूल केले की हे बंधन ठाऊक असूनही कंपनीने ते न पाळण्याचे ठरवले. नव्या खलाशांचा सरासरी दर त्यानेच सांगितला: ताशी साडेपाच पौंड. त्या वेळी ब्रिटनमधील किमान वेतन ताशी ८.९१ पौंड होते. स्वतःचे मूळ वार्षिक वेतन सव्वातीन लाख पौंड असल्याचेही त्याने सांगितले. २०२४ च्या मे महिन्यात दुसऱ्या एका समितीने त्याला विचारले की ताशी ४.८७ पौंडांवर तुम्हाला जगता येईल काय. त्याचे उत्तर नकारार्थी होते. फौजदारी खटला मात्र कोणावरही झाला नाही.

हे शक्य कसे झाले? बोटी डोव्हर ते कॅले अशा दिवसातून अनेकदा ये-जा करतात. पण कंपनीने २०१९ मध्येच त्यांची नोंदणी सायप्रसला हलवण्याचे ठरवले होते. खलाशी पुरवणारी एजन्सी माल्टातील. मालकी दुबईतील. बोट इंग्लंडच्या धक्क्याला बांधलेली असली तरी तिच्यावरच्या मजुरापर्यंत इंग्लंडचा वेतन-कायदा पोहोचत नव्हता. भांडवलाला कोणत्याही देशाचा झेंडा भाड्याने मिळतो. श्रमिकाला मात्र जन्मगावाच्या भावानेच मोजले जाते. या कामगार-कपातीनंतर दोन आठवडेही लोटले नाहीत तोच डोव्हरमध्ये ‘प्राइड ऑफ केंट’ ही बोट सुरक्षा-तपासणीत नापास झाल्याने अडकवून ठेवावी लागली. १९८७ चा धडा मालकांनी घेतला नव्हता, हे त्यावरून दिसून आले.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बदली म्हणून आणलेल्या खलाशांत फिलिपिन्स इत्यादी देशांतील लोकांबरोबर भारतीयही होते. म्हणजे १९१६ साली ‘मलोजा’च्या भट्टीसमोर उभा असलेला स्वस्त मजूर ज्या देशातून आणला गेला, त्याच देशातून एका शतकानंतर पुन्हा स्वस्त मजूर आणला गेला, आणि या वेळी डोव्हरच्या खलाशाची भाकरी हिरावण्यासाठी त्याचा हत्यारासारखा वापर झाला. मालक दुबई सरकारच्या मालकीची डीपी वर्ल्ड ही कंपनी. २००६ साली तिने पी. अँड ओ. विकत घेतली तेव्हा न्हावा-शेवा येथील खाजगी कंटेनर टर्मिनलही त्याच व्यवहारात तिच्या हाती आले. ज्या उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि ज्यांच्यापैकी पाच जणांनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण दिले, त्यांच्याच परिसरात हे बंदर उभे आहे. डोव्हरचा धक्का आणि न्हावा-शेव्याचा धक्का यांचे हिशेब एकाच कचेरीत मांडले जातात. मग दोन्ही धक्क्यांवरील कामगारांनी एकमेकांना परके का मानावे?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. ताशी साडेपाच पौंड ही रक्कम रुपयांत मोजली तर रत्नागिरीच्या तरुणाला गावात मिळणाऱ्या मजुरीच्या कितीतरी पट होते. समान वेतनाचा आग्रह धरला तर कंपनी भारतीयाला घेईलच कशाला? मग ही मागणी म्हणजे आपल्याच मुलांच्या पोटावर पाय नव्हे काय?

ही भीती खोटी नाही. समान वेतनाची भाषा वापरून परदेशी खलाशाला हाकलण्याचे प्रयत्न युरोपात झालेले आहेत, हे वर सांगितलेच आहे. पण या भीतीचे उत्तर स्वस्त राहणे हे असू शकत नाही. स्वस्त श्रमाच्या बळावर मिळालेली नोकरी त्याहून स्वस्त माणूस सापडेपर्यंतच टिकते. आज भारतीय खलाशी इंग्रजापेक्षा स्वस्त आहे; उद्या कोणत्या तरी अधिक दरिद्री देशातला माणूस भारतीयापेक्षा स्वस्त ठरेल आणि त्याला घेऊन येणारी बस धक्क्यावर उभी असेल. शिवाय रुपयांत मोजलेली मजुरी फसवी असते. कित्येक आठवडे सलग बोटीवर, घरापासून दूर, आजारपणाची वा पुढच्या सफरीची हमी नाही, आणि नोकरी मिळवण्यासाठी दलालाला दिलेल्या पैशाचे व्याज मागे चालू, हा हिशेब साडेपाच पौंडांच्या आकड्यात दिसत नाही. जुन्या सारंगाच्या जागी एजन्सी आली, एवढाच काय तो फरक.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे, आणि तिचे दोन्ही भाग एकत्रच मांडले पाहिजेत. एकाच बोटीवर एकच काम करणाऱ्याला, त्याचे पारपत्र कोणत्याही देशाचे असो, एकच वेतन. आणि वंश वा राष्ट्र पाहून कोणालाही नोकरीस मज्जाव नाही. पहिला भाग सोडला तर मालकाचे फावते. दुसरा सोडला तर १९२५ ची चूक पुन्हा घडते. ब्रिटिश संसदेने २०२३ मध्ये नाविकांच्या वेतनाचा कायदा केला आणि तो १ डिसेंबर २०२४ पासून अमलात आला. वर्षातून किमान १२० वेळा ब्रिटिश बंदराला लागणाऱ्या बोटींवरील खलाशांना, ते कोणत्याही देशाचे असोत, ब्रिटनच्या हद्दीतील कामापुरते किमान वेतनाइतके वेतन द्यावे, असे हा कायदा म्हणतो. झेंडा कोणता आणि पारपत्र कोणते, हे न पाहता कामाच्या जागेवरून वेतन ठरवण्याचे तत्त्व त्यात आले, हे एक पाऊल पुढे आहे. पण ते पाऊलच आहे. किमान वेतन म्हणजे समान वेतन नव्हे. सलग कामाचे दिवस, रजा आणि नोकरीची शाश्वती यांचा प्रश्न त्यातून सुटलेला नाही. आणि एकदा बोट त्या हद्दीबाहेर गेली की जुनाच बाजारभाव लागू होतो. हा कायदादेखील ७८६ कुटुंबांच्या चुली विझल्यानंतर झाला, हे विसरता येणार नाही.

डोव्हरकडे पाहताना आपल्या किनाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी हे जलदुर्ग त्यात आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या किल्ल्यांचे चिरे वाहणारे पाथरवट, आरमाराची गलबते बांधणारे सुतार आणि ती वल्हवणारे भंडारी, कोळी, दालदी यांची नावे त्या वारशात कोठे असतील? किल्ल्याकडे प्रवासी नेणाऱ्या होडीवाल्याच्या विम्याची, त्याच्या पावसाळ्यातील चार महिन्यांच्या उपासमारीची दखल पर्यटनाचे आराखडे आखणारे घेतील काय? वारसा म्हणजे दगड आणि त्याची तिकीटखिडकी, एवढाच अर्थ उरणार असेल, तर डोव्हरला जे झाले तेच येथेही होईल: किल्ला उजळेल आणि धक्क्यावरचा माणूस अंधारात राहील.

किनारपट्टीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे यातून काही साधी, करण्याजोगी कामे उभी राहतात. दापोली, गुहागर, राजापूर, श्रीवर्धन, मुरूड या तालुक्यांतील गावागावांत आजही असे वृद्ध आहेत की ज्यांनी परदेशी बोटींवर आयुष्य काढले. त्यांच्या आठवणी, त्यांची नोकरीची जुनी पुस्तके, त्यांच्या वडील-आजोबांच्या सफरींच्या नोंदी गोळा झाल्या पाहिजेत; दहा वर्षांनी त्या सांगणारे कोणी नसेल. परदेशी बोटींवर जाणाऱ्या तरुणांना करार वाचून दाखवणारे, बोगस दलालांपासून सावध करणारे आणि फसवणूक झाल्यास दाद मागून देणारे केंद्र प्रत्येक बंदर-तालुक्यात हवे. आणि मुंबईतील नाविकगृहाच्या स्मारकापुढे वर्षातून एकदा तरी कामगारांनी कामगार म्हणून उभे राहिले पाहिजे. ही माणसे साम्राज्याच्या युद्धात मेली, हे खरे. पण ती साम्राज्याची नव्हती, आपली होती.

डोव्हरच्या दफनभूमीतील त्या सामुदायिक कबरीत पडलेल्यांना एकाच बोटीवर दोन भाव लावले गेले होते. समुद्राने बुडवताना असा भेद केला नाही. त्या कबरीपासून थोड्याच अंतरावर आजही फेरीबोटी लागतात आणि त्यांच्यावर आजही निरनिराळ्या देशांचे खलाशी खांद्याला खांदा लावून दोरखंड ओढतात. त्या सर्वांना कामाचे एकच मोल मिळेल, त्याच दिवशी या बंदराचा वारसा पुरता जमिनीवर आला असे म्हणता येईल. तोवर संग्रहालयातील त्या शिवलेल्या नावेप्रमाणे त्याचा मोठा भाग मातीखालीच आहे, आणि तो वर काढण्याचे काम डोव्हरच्या खलाशांइतकेच कोकणच्या श्रमिकांचेही आहे.